आधी निदान, मग उपचार



फोन आणि लॅपटॉप यांच्या दुखण्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, ही यंत्रे बिघडवण्याचा अनुभव आमच्या पदरी भरपूर आहे. काही वर्षांपूर्वी आमचा फोन वरचेवर अडू लागला. कोणीसे सांगितले, "फॅक्टरी रीसेट करा, नव्यासारखा होईल." आम्ही केला. फोन नव्यासारखा झाला खरा. पण आमच्या दिवंगत वडिलांचा आवाज फक्त त्या फोनमध्ये होता, तो कायमचा पुसला गेला. पुढे कळले की, फोनमधील जागा भरली होती, एवढेच. चार जुने व्हिडिओ काढून टाकले असते तरी भागले असते. म्हणून आज आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे: आधी निदान, मग उपचार, आणि उपचारांतही सौम्य तो आधी.

वैद्य रोग्याचा मुलूख विचारतो. आपल्या मुलखाचा पहिला विकार उष्मा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि अ‍ॅपल कंपनी आपला आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगते! अशा वेळी फोनचा पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते. हा बिघाड नव्हे. यंत्र स्वतःचा जीव वाचवीत असते. त्याला सावलीत ठेवावे, चार्जर काढावा. मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये; आत दव धरते. लॅपटॉप गादीवर ठेवला की त्याची हवेची वाट बंद होते आणि तो तापून आपोआप बंद पडतो. बॅटरी फुगली असेल, तर मात्र वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू किंवा टोचू नये.

दुसरा विकार जंगलाचा. भामरागडच्या वाटेवर आमच्या फोनची बॅटरी दुपारीच संपे. आम्ही बॅटरी बदलली, पैसे गेले, दुखणे राहिले. दोष बॅटरीचा नव्हताच. टॉवर दूर असला की फोन त्याचा सतत शोध घेतो आणि त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. रेंज नसेल तेथे एअरप्लेन मोड लावावा, बॅटरी टिकते.

तिसरा विकार ओलाव्याचा. आपण धानाच्या मुलखातली माणसे, म्हणून भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरतो. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या वाणाला 'एचएमटी' हे घड्याळाचे नाव मिळाले, हे खरे. पण म्हणून तांदूळ यंत्र दुरुस्त करीत नाही! उलट त्याचे कण आत शिरतात. फोन बंद करावा, पाणी झटकावे, मोकळ्या हवेत ठेवावा. वाळेपर्यंत चार्जर लावू नये.

चार्जिंग होत नसेल तर आधी बोर्डाचे बटण पाहावे, मग दुसरी केबल, मग दुसरा चार्जर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. यंत्र अडले तर प्रथम ते बंद करून पुन्हा सुरू करावे. मग जागा मोकळी करावी. रीसेट अगदी शेवटी. आणि मदतीसाठी मिळेल त्या नंबरवर फोन करून ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

बंधुभगिनींनो, फोन बाजारात पुन्हा मिळतो. त्यातले सगळेच मिळत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर, यंत्र धडधाकट असतानाच, आपल्या माणसांची छायाचित्रे आणि आवाज दुसऱ्या एका ठिकाणी उतरवून ठेवा. आमचे राहून गेले. तुमचे राहू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.