कंगव्यातील वीज, आभाळातील वीज
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भाषेत 'तृणमणी' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. प्राचीन वृक्षांची राळ लक्षावधी वर्षे भूगर्भात राहून कठीण झाली की तिचा पिवळसर मणी बनतो. लोकरीवर घासला असता हा मणी गवताची वाळलेली काडी स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तो तृणमणी. ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि विद्युतशास्त्राचे इंग्रजी नाव याच शब्दावरून आले. हा गुण केवळ तृणमण्याचा नसून काच, गंधक यांसारख्या अनेक पदार्थांचा आहे, हे इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली दाखवून दिले. आज तृणमण्याची गरज नाही. कोरड्या केसांतून फिरविलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तो याच गुणामुळे.

ही वीज येते कोठून? घासण्याने ती निर्माण होते, असे आपणांस वाटते. वस्तुतः ती निर्माण होत नाही. तिची केवळ वाटणी बदलते. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या केंद्रकात धनप्रभार असतो व त्याभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. दोन्हींचे प्रमाण सारखे असल्याने एरवी वस्तू उदासीन भासते. दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. कंगव्याला ते जादा मिळतात, म्हणून तो ऋण होतो. केसांचे ते कमी होतात, म्हणून केस धन होतात. एकाच्या खात्यावर जेवढे जमा, तेवढेच दुसऱ्याच्या खात्यावर नावे. एकूण बेरीज बदलत नाही. विजातीय प्रभार एकमेकांना आकर्षितात, सजातीय दूर लोटतात. अंतर दुप्पट झाले तर हे बल एक चतुर्थांश होते, हा नियम फ्रान्समधील कुलोम यांनी १७८५ मध्ये मोजमापाने सिद्ध केला.

वस्तू प्रभारित होण्याचे तीन मार्ग आहेत. घर्षण हा पहिला. प्रभारित वस्तूचा स्पर्श हा दुसरा. तिसरा मार्ग प्रवर्तनाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. येथे स्पर्शही लागत नाही. ऋणप्रभारित कंगवा कागदाजवळ नेला की कागदातील इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे ढकलले जातात व कंगव्याकडील बाजू धन होते. उदासीन कपटाही कंगव्याकडे झेपावतो, त्याचे कारण हे. धातूंतून इलेक्ट्रॉन मोकळेपणी वाहतात, म्हणून धातू सुवाहक होत. जवळ प्रभारित वस्तू असताना धातूला क्षणभर जमिनीशी जोडले, तर त्यावर विरुद्ध प्रभार साठतो.

शाळेत हे प्रयोग पावसाळ्यात फसतात आणि शिक्षकांची अडचण होते. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो व त्यातून प्रभार निसटून जातो. हिवाळ्यातील कोरडी सकाळ निवडली, तर कंगव्याजवळून पडणारी नळाची बारीक धारही वाकलेली मुलांना दिसेल.

साठलेला प्रभार वाट शोधतच असतो. कोरड्या हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टचा ताण आला की हवाही वाहक बनते व ठिणगी पडते. पॉलिएस्टरचे कपडे काढताना होणारा चटचट आवाज अशाच ठिणग्यांचा. ती ठिणगी बोटाला केवळ टोचते. पेट्रोलच्या वाफेत मात्र ती घातक ठरते. नळीतून वाहणारे इंधनही प्रभारित होते. म्हणूनच टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडतात आणि पेट्रोलचा डबा वाहनात ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावयाचा असतो.

आता आभाळाकडे पाहू. गडगडाटी ढगात हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात. सामान्यतः हलके कण धनप्रभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणप्रभार घेऊन खाली राहतात. ढगाचा तळ म्हणजे जणू प्रचंड कंगवा, आणि खालची भूमी म्हणजे कागद. प्रवर्तनाने भूमीवर धनप्रभार गोळा होतो. उंच व सुट्या वस्तूंच्या टोकाशी त्याचा जोर अधिक असतो. मग हवेचा बांध फुटतो आणि सुमारे तीस हजार अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात वाहून जातो.

पायाळू माणसावर वीज पडते, असा समज आपल्या खेड्यांतून आहे. विजेला कोणाचा जन्म कसा झाला हे ठाऊक नसते. तिला जवळची वाट तेवढी कळते. मोकळ्या रानात उभा असलेला माणूस किंवा एकटे झाड ही तशी वाट होय. झाडावर पडलेली वीज आडोशाच्या माणसावर उडी घेते, जमिनीत पसरून गुराढोरांनाही मारते. भारतात २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मृत्युमुखी पडली. शेतात राबणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक असतो.

लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. निवारा नसेल, तर झाडापासून दूर, दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसावे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची सूचना देते. ते गावातील किमान काही फोनमध्ये असावे. शाळेवर तडितवाहक असेल, तर त्याची तार जमिनीपर्यंत अखंड आहे ना, हे ग्रामपंचायतीने दर पावसाळ्यापूर्वी पाहावे.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. ही भीती निराधार आहे. त्या देहात वीज उरलेली नसते. ती केव्हाच भूमीत गेलेली असते. अशा माणसाचे हृदय वा श्वास थांबलेला असू शकतो आणि त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. त्याला शेणात किंवा मातीत पुरण्यात वेळ दवडू नये. त्याला सुरक्षित जागी घ्यावे, १०८ क्रमांकावर कळवावे आणि श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब देत राहावे.

कंगवा आणि कागदाचा कपटा प्रत्येक शाळेत आहे. त्या कपट्याची उडी ज्या मुलाला नीट समजली, ते मूल पावसात झाडाखाली उभे राहणार नाही आणि पडलेल्या माणसाला हात देताना कचरणार नाही.