धूर कसला, ते आधी बघा

आज गंगापूर रोडवर आम्ही मित्रमैत्रिणींनी दुरुस्त केलेल्या जुन्या स्मोकरबद्दल सांगते. ट्रेलरवर बसवलेला आडवा लोखंडी पिंप. एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, मधे जाळीवर मटण. मटणाखाली जाळ नसतोच. गरम धूर त्याच्यावरून जातो आणि ते सावकाश शिजतं.

धुराची चव आपल्याला नवीन नाही. चुलीवरच्या मिसळीसाठी रविवारी सकाळी या भागात किती गर्दी असते, माहितीये तुम्हाला. पण इथे मटण पाच-सहा तास धुरातच असतं. म्हणून एकच नियम: पेटीत जे जळेल, ते पोटात जाईल.

दुरुस्ती तिथूनच सुरू झाली. आतला जुना रंग मास्क लावून, ग्राइंडरने पार लोखंडापर्यंत काढला. पेटीचा तळ गंजून भोक पडलं होतं. वेल्डिंगवाला म्हणाला, "जस्ती पत्रा लावतो, परत गंजणार नाही." आम्ही नको म्हटलं. जस्त फार तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. साधा, जाड काळा पत्राच लावला. मग आतून तेलाचा पातळ हात आणि दोन-तीन तास रिकामा जाळ. बिडाचा तवा तयार करतो ना, तसंच.

आता लाकूड. नाशिककरांना पहिला मोह होतो द्राक्षाच्या काड्यांचा! एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. बांधावर फुकटचे ढीग. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये वेलीच्या काड्यांवर मांस भाजतात, हेही खरं. तिकडचं तिकडचे बघतील. आपल्या बागेत हंगामभर फवारण्या चालतात. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर त्याच गावाचं नाव लावून आलंय, आणि त्यातलं तांबं जळून नाहीसं होत नाही. म्हणून त्या काड्या नकोतच. निखाऱ्याला बाभूळ, वासाला चांगलं वाळलेलं आंब्याचं लाकूड. प्लायवूड, रंगवलेली फळकुटं अजिबात नाहीत.

बोकडाच्या खांद्याला आलं-लसूण, हळद, दही, काळा मसाला लावून रात्रभर ठेवलं. आतली उष्णता 110 ते 120 अंश. धुराडं पूर्ण उघडं, हवा कमी-जास्त करायची ती पेटीच्या झडपेतून. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये; मटण कडू होणार. जेमतेम दिसणारा, निळसर धूर हवा. झाकण सारखं उघडू नका. हाड हाताने सहज फिरलं की झालं!

आणि दोन गोष्टी. पाऊस आला म्हणून पेटलेला स्मोकर शेडमध्ये नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निखारे पूर्ण थंड झाल्याशिवाय ट्रेलर गाडीला जोडू नका.

तुमच्याकडे अशी जुनी भट्टी पडली असेल तर बाहेरची रंगरंगोटी नंतर करा. आधी आत डोकवा. भेटूया पुढच्या भागात!