बादशाह खान आणि सब्रचे हत्यार



‘माझा आदर्श पुरुष’ या विषयावर बोलावे, असा चिटणीससाहेबांचा हुकूम झाला. शिक्षकाला नाव शोधायला वेळ लागत नाही. मी खान अब्दुल गफार खान यांचे नाव सांगितले. लोक त्यांना प्रेमाने बादशाह खान म्हणत. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला ‘सरहद्द गांधी’ आणि एक-दोन ओळी येतात. मुले त्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून आज थोडे सविस्तर बोलतो.

त्यांचा जन्म 1890 साली पेशावरजवळच्या उतमानझई गावी झाला. वडील बेहराम खान गावचे मोठे जमीनदार. मुलगा सहा फुटांहून उंच, पठाणी बांध्याचा. इंग्रजांच्या नामांकित ‘गाइड्स’ पलटणीत अधिकाऱ्याची जागा चालून आली होती. पण पेशावरला एका हिंदी अधिकाऱ्याचा गोऱ्या अधिकाऱ्याने केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ती नोकरी नाकारली. पुढे विलायतेला शिकायला जायचे ठरले, तर आई रडू लागली. थोरला मुलगा आधीच तिकडे गेला होता. तेव्हा तोही बेत सोडला. आता या तरुणाने करावे काय? 1910 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने आपल्या गावात शाळा काढली.

त्या मुलखात शाळा काढणे म्हणजे दोन्हीकडून शत्रुत्व घेणे होते. इंग्रजांना शिकलेला पठाण नको होता. काही मुल्लांनाही तो नको होता. मदरशात शिकणारा पैशासाठी शिकतो, त्याला जन्नत नाही, असे ते पोरांना शिकवत. (असे सांगणारे लोक प्रत्येक मुलखात भेटतात, नावे घेण्याची गरज नाही.) एकदा इंग्रज चीफ कमिशनरने बेहराम खानांना बोलावून सांगितले, मुलाला शाळांचा नाद सोडायला लावा. वडिलांनी घरी येऊन तसे सांगितले. मुलाने उलट विचारले, की उद्या लोक मला नमाज सोडायला सांगू लागले तर तुम्ही तसा सल्ला द्याल का? वडील म्हणाले, कधीच नाही. मग तालीमही तशीच फर्ज आहे, असे मुलाने सांगितले. पालकांनो, त्यानंतर त्या वृद्ध बापाने मुलाला पुन्हा अडवले नाही. 1921 साली मुलाला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या आडदांड देहाला तुरुंगातल्या बेड्या लहान पडत, घोटे सोलून निघत आणि दळायला जाते असे. गुन्हा काय, तर सभा घेतल्या आणि शाळा चालवल्या!

तुम्ही विचाराल, यात अन्याय तो कोणता? सरहद्द प्रांताला बाकी देशाचे कायदेच लागू नव्हते. 1901 च्या सरहद्द गुन्हे कायद्याने माणसाला सरकारने नेमलेल्या जिरग्यापुढे उभे करीत. वकील नाही, अपील नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी सबंध गावाला दंड. 1919 च्या सुधारणाही तिथे दिल्या नाहीत. आणि पठाणांचे स्वतःचे दुखणे वेगळेच. ‘बदल’ म्हणजे सूड. आजोबाच्या खुनाचा सूड नातवाने घ्यायचा, ही तिथली रीत. बंदूक प्रत्येक घरात. इंग्रजांना हे फार सोयीचे होते, कारण बंदूक उचलणाऱ्याला चिरडणे त्यांना चांगले जमत होते.

अशा लोकांतून बादशाह खानांनी 1929 साली ‘खुदाई खिदमतगार’ उभे केले. नाव पाहा, खुदाचे सेवक. खुदाला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या मखलूकची सेवा. शपथ अशी, की हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळणाऱ्याला माफ करीन आणि रोज निदान दोन तास समाजाच्या कामाला देईन. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी लाल रंगात बुडवले, एवढाच त्या ‘लाल डगल्यां’चा इतिहास. संख्या लाखाच्या घरात गेली असे सांगतात. आणि ते म्हणत, हे हत्यार नवे नाही. चौदाशे वर्षांपूर्वी मक्केत आपल्या रसूलांनी हेच वापरले. त्याचे नाव सब्र.

23 एप्रिल 1930. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस. बादशाह खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साखानी बाजारात लोक जमले. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या, मग गोळीबार सुरू झाला. पुढची रांग पडली की मागची रांग पुढे येई. दगड नाही, बंदूक नाही. सरकारी आकडा 30 च्या आसपास मृतांचा, लोकांचा 200 हून अधिक. आणि याच वेळी दुसरी गोष्ट घडली. गढवाल रायफल्सचे हिंदू शिपाई मुद्दाम आणले होते; मुसलमानांवर हे खुशाल गोळ्या घालतील, असा सरकारचा हिशेब. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र लोकांवर गोळी घालायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. मुलांनो, हे दुसरे नावही वहीत लिहून ठेवा.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. 1934 साली हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात जायला बंदी होती, तेव्हा ते वर्ध्याला येऊन राहिले. मुंबईत नागपाड्याला ख्रिस्ती मंडळींपुढे त्यांनी सरहद्दीवर काय घडले ते सांगितले. त्या एका भाषणासाठी डिसेंबरात वर्ध्याला अटक आणि दोन वर्षांची शिक्षा!

दहावीच्या एका मुलाने मला वर्गात विचारले, “सर, शेवटी त्यांना मिळाले काय? हरलेल्या माणसाचे एवढे कौतुक कशाला?” प्रश्न खरा आहे, म्हणून तो टाळत नाही. फाळणीला त्यांचा विरोध होता, ती झाली. 1948 साली त्यांनी पाकिस्तानच्या घटना समितीत निष्ठेची शपथ घेतली, तरी त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना तुरुंगात टाकले. 12 ऑगस्ट 1948 रोजी चारसद्दाजवळ बाबरा येथे त्यांच्या निःशस्त्र माणसांवर पुन्हा गोळ्या चालल्या. या वेळी गोळ्या घालणारे परके नव्हते, आपल्याच कौमचे होते. हे बोलायला जड जाते, पण इन्साफ सांगताना आपला-परका पाहता येत नाही. इंग्रज आणि पाकिस्तान मिळून आयुष्याची तीन दशके त्यांनी कैदेत नाही तर नजरकैदेत काढली.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की अन्याय झालेल्या माणसाचे हात दोन कामांना लागतात. सूडाला लागले तर सरकारला त्याचा बंदोबस्त ठाऊक असतो. तुला घर भाड्याने नाकारतील, नावावरून कोणी टोमणा मारील, तेव्हा तुझेही हात शिवशिवतील. ते कशाला लावायचे, हे तू ठरव. पठाणाने ते ठरवून दाखवले. मुलाचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटले नाही. त्याने विचार करीत राहावे.

1969 साली गांधी जन्मशताब्दीसाठी म्हातारे बादशाह खान भारतात आले, ते बगलेत कपड्यांची पोटली घेऊन. ती त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. त्याच सुमारास गुजरातेत दंगली झाल्या होत्या. पाहुणा म्हणून हार घ्यायला आलेल्या माणसाने तीन दिवस उपवास केला आणि संसदेत राज्यकर्त्यांना खडे बोल सुनावले. 1987 साली त्यांना भारतरत्न मिळाले. भारताचे नागरिक नसलेल्या व्यक्तीला मिळालेले ते पहिलेच.

20 जानेवारी 1988 रोजी पेशावरला त्यांचा इंतकाल झाला. दफन जलालाबादला, त्यांच्या घराच्या आवारात, अशी त्यांची इच्छा होती. अफगाणिस्तानात तेव्हा युद्ध पेटलेले. जनाजा जावा म्हणून लढाई थांबवण्यात आली आणि हजारो माणसे खैबर खिंडीतून पलीकडे गेली. तिथेही बॉम्बस्फोट झाले, काही माणसे मेली. तरी दफन पार पडले.