कामाला कुंपण



अडतीस वर्षें मुलांकडून वेळापत्रक पाठ करून घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला स्वतःच्या दिवसाचें वेळापत्रक साठीच्या उंबरठ्यावर शिकावें लागलें, ही कबुली आरंभींच दिलेली बरी.

माझ्या नोकरीचें शेवटचें वर्ष करोनाच्या सांथींत गेलें. २०२० च्या जूनमध्यें शाळेला कुलूप होतें आणि वर्ग मोबाईलवर भरूं लागला. पहिले कांहीं दिवस नवलाईचे गेले. मग ध्यानांत आलें कीं, शाळेची घंटा जशी वर्ग भरवीत असे, तशीच ती तो सोडवीतहि असे. आणि ही दुसरी घंटा आतां कोठेंच उरली नव्हती. सकाळीं सहाला पहिला निरोप, रात्रीं साडेअकराला शेवटचा. जेवतांना ताटाशेजारीं यंत्र, निजतांना उशाशीं यंत्र. वरून तक्ते मागविले जात ते रात्रीं नऊनंतर, आणि हवे असत ते उजाडण्यापूर्वीं.

पालकांना बोल लावण्याचा मोह झाला, पण तो आवरला. वर्गांतल्या कित्येक मुलांच्या घरीं एकच मोबाईल, तोहि बापाच्या खिशांत. बाप कामावरून परते नऊला, तेव्हां पोर अभ्यासाला बसे. त्याची शंका रात्रीं दहाला आली नाहीं, तर कधीं यावी? म्हणून मी उत्तरें देत राहिलों. परिणाम असा झाला कीं, फेब्रुवारींत एके पहाटे न्हाणीघरांत मला भोंवळ आली. डॉक्टरांनीं रक्तदाब मोजला, भुंवया उंचावल्या आणि आठ दिवस अंथरुण सोडूं नये, अशी आज्ञा केली. सौ. म्हणाली, "आतां तरी ऐका. मी सांगितलेलें कधीं ऐकलें नाहीं."

पडल्या पडल्या वाचनाखेरीज दुसरा उद्योग नव्हता. त्या वाचनांत एक घटना अशी भेटली कीं, ती आपल्या नागपुराहून अवघ्या पन्नास मैलांवरची. १९३५ च्या डिसेंबरांत वर्ध्यास महात्मा गांधींचा रक्तदाब एकाएकीं वाढला. कारण अतिश्रमाचें होतें. वैद्यांनीं संपूर्ण विश्रांति सांगितली आणि कित्येक आठवडे 'हरिजन' पत्रांतलें त्यांचें लेखन थांबलें. जो मनुष्य घड्याळ कमरेला लावून वागे, पहाटेच्या प्रार्थनेपासून निजेपर्यंतचा क्षण न् क्षण मोजी, त्याचीहि ही गत व्हावी! यावरून मला एवढेंच समजलें कीं, वक्तशीरपणा ही एक गोष्ट आणि मर्यादा ही दुसरी. काम वेळेवर सुरू करणारा मनुष्य तें वेळेवर थांबवीलच असें नाहीं. आम्हां मास्तरांची नेमकी येथेंच फसगत होते.

पुढें १९३६ च्या एप्रिल अखेरीस ते वर्धा सोडून शेगांवीं राहावयास गेले. त्याच गांवाचें नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. तेथेंहि कामाचा आणि माणसांचा ओघ आटला नाहीं. पण त्यांच्यापाशीं सोमवारच्या मौनाचें एक जुनें साधन होतें. मौन म्हणजे आळस नव्हे; त्या दिवशीं ते लिहीत, वाचीत, पत्रें हातावेगळीं करीत. बंद असे तें केवळ बोलणें. काम चालू ठेवून कामांत होणारी घुसखोरी तेवढी थांबवावी, असा हा उपाय.

याहून मोलाची गोष्ट २ जून १९४७ ची. फाळणीची योजना जाहीर होण्याचा आदला दिवस, आणि नेमका सोमवार. दिल्लींत व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्यासमोर गांधीजी बसले, पण बोलले नाहींत. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर पेन्सिलीनें त्यांनीं उत्तरें लिहिलीं. त्यांतच त्यांनीं कळविलें कीं, मौनाचा निश्चय करतांना आपण दोन अपवाद राखून ठेविले होते: अत्यंत निकडीच्या कामीं थोर अधिकाऱ्यांशीं बोलणें आणि आजाऱ्याची शुश्रूषा. म्हणजे त्या दिवशीं बोलण्याची मुभा त्यांना होती. ती त्यांनीं घेतली नाहीं, ही गोष्ट निराळी. मला महत्त्वाचें वाटलें तें हें कीं, अपवाद आधीं ठरलेले होते. आपण अपवाद ठरवितों ते आयत्या वेळीं, समोरच्याचें तोंड पाहून. आणि मग नियम उरतो तो केवळ नांवाला.

कामाला कुंपण घालण्याचा हा विचार मोठ्या लोकांपुरता नाहीं. माझ्या लहानपणीं जुम्मा तलावाजवळच्या एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकूं येई. १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झालेली ती गिरणी आज राहिली नाहीं. पण भोंगा जसा बोलावी तसा सोडीहि, हें आठवतें. गिरणीकामगाराला आठवड्याची सुटी तरी कोठें फुकट मिळाली? नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईस कामगारांची सभा भरविली. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, आणि काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें, हें त्यांच्या मागण्यांत होतें. साडेपांच हजार कामगारांनीं त्या अर्जावर सह्या केल्या. तरी रविवार हातीं यावयास १० जून १८९० उजाडावा लागला. आणि आम्ही शिकलेली माणसें! तोच रविवार खिशांतल्या यंत्राला आपण होऊन परत देऊन बसलों.

अंथरुणावरून उठल्यावर मीं पालकांना एक पत्र लिहिलें. रात्रीं आठनंतर माझा मोबाईल देवघराशेजारच्या कोनाड्यांत राहील. ज्यांच्या घरीं यंत्र रात्रींच येतें, अशा सहा मुलांनीं पहाटे साडेसहाला, वडील कामावर निघण्यापूर्वीं, मला विचारावें; तो पाऊण तास त्यांचाच. अपवाद एक: घरांत कोणी आजारी असेल तर दोनदां घंटी वाजवावी, मी केव्हांहि उठेन. तक्ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाठवूं लागलों. त्यापायीं एकदां कडक शब्द ऐकावे लागले, पण आभाळ कोसळलें नाहीं.

पहिल्या रात्रीं मी त्या कोनाड्याकडे टक लावून बसलों होतों, हेंहि सांगितलें पाहिजे. संवय सुटावयास तीन आठवडे लागले. सहांपैकीं एक मुलगा पहाटे उठेना. त्याचा अभ्यास मागें पडला. त्याचें मला आजहि वाईट वाटतें. कुंपण घातलें कीं कोणीतरी बाहेर राहतोच. तो कोण, हें पाहून ठेवावें. त्याच्यासाठीं मग रविवारीं एक तास काढला. म्हणजे माझा स्वतःचा रविवार मीच फोडला, म्हणा ना.

त्या एप्रिलांत नागपुरांत रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्या. दोनदां घंटी तीन रात्रीं वाजली. तिन्ही वेळां मी झोपेंतून उठलों, आणि पूर्वींसारखा शिणलेला नव्हतों. दहा ठिकाणीं चौकशी करण्याइतकें डोकें ठिकाणावर होतें. दोघांना जागा मिळाली. एका मुलाच्या आजीला मिळाली नाहीं.

त्याच वर्षीं मी निवृत्त झालों. आतां रात्रीं आठनंतर मला निरोप पाठविणारें फारसें कोणी उरलेलें नाहीं. यंत्र मात्र अद्यापि कोनाड्यांतच जातें, आणि ठेवलें कीं नाहीं हें सौ. जेवणाआधीं एकदां पाहून येते.