रस्त्याला जमीन आपली, जीवही आपलाच?



जिनिंगवर कापूस टाकून बैलगाडी परतते तेव्हा अंधार पडलेला असतो. त्याच रस्त्याने कोणी सायकलवर, कोणी मोटारसायकलवर, कोणी पायी घर गाठतो.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दर तिघांतले दोघे दुचाकीवरचे, सायकलवरचे नाही तर पायी चालणारे.

'चालवणाराच चुकला' म्हणून सरकार हात झटकते. पण वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गावातला रस्ता गुळगुळीत केला, साईडपट्टी ठेवलीच नाही, तर दोष कोणाचा?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. ठरलेल्या निकषांप्रमाणे रस्ता न केल्याने कोणी मेला वा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे.

तेव्हा ग्रामसभेत ठराव करा : साईडपट्टी, वेशीवर वेगाला आळा, थांब्यावर दिवा. बांधकाम खात्याकडून ठरावाची पोच घ्या. बैलगाडीमागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्याला हेल्मेट मात्र आजपासून, आपणच.

रस्त्याला जमीन आपण दिली. त्यावरून जिवंत घरी येणे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.