दावा, खर्च आणि पुरावा : घरातल्या कागदांविषयी थोडेसे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आधीच सांगतो, मी वकील नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेला माणूस आहे. परंतु खात्याच्या नोंदवह्या घेऊन दिवाणी न्यायालयात साक्षीला उभे राहण्याची वेळ माझ्यावर बरेचदा आली, आणि त्यातून या विषयाची गोडी लागली. कार्यकारिणीने जेव्हा 'कोर्टकचेरीत अलीकडे काय बदलले ते आपल्या लोकांना समजेल असे सांगा' म्हटले, तेव्हा हो म्हणालो. माझे बोलणे हा कायद्याचा सल्ला नव्हे. तो आपापल्या वकीलसाहेबांकडूनच घ्यावा. मी फक्त दाराची कडी दाखवणार आहे.

ज्या लोकमान्यांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यांच्यापासूनच आरंभ करू. आपल्या सुरतेला लोकमान्य आठवतात ते १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. त्यांच्यावरचे राजद्रोहाचे खटलेही सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या आयुष्याची चौदा-पंधरा वर्षे एका दिवाणी वादाने खाल्ली, हे फारसे सांगितले जात नाही. पुण्याचे बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्राप्रमाणे टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तकविधान झाले. पुढे बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी ते झालेच नाही असे म्हटले आणि दुसरा मुलगा दत्तक घेतला. टिळकांवर उलट खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला. त्यात शिक्षा झाली आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा १९०६ मध्ये पुण्यात जिंकला, १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सारा वाद एका प्रश्नाचा : त्या दिवशी औरंगाबादेस विधी झाला की नाही, आणि ते कशावरून ठरवायचे?

दुसरी गोष्ट खर्चाची. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात केलेल्या आरोपांवरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या फेब्रुवारीत तो खर्चासह फेटाळला गेला. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा. तो बोजा एवढा होता की लोकांनी निधी जमवून लोकमान्यांना हात दिला. ज्यांच्या मागे सारा महाराष्ट्र उभा होता, त्यांनाही दाव्याचा खर्च एकट्याने पेलवला नाही. तुमच्या-आमच्या घराची काय कथा!

खर्च कोणाच्या माथी?

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चे मूळ तत्त्वही तेच आहे. खर्च निकालामागे जातो, आणि न्यायालयाने तसे केले नाही तर कारणे लिहावी लागतात. पण अनुभव काय? हुकूमनाम्यात वकिलाची फी ठरलेल्या दराने लिहिली जाते आणि प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने ती नगण्य असते. खोटा किंवा त्रास देण्यासाठी लावलेला दावा असेल तर कलम ३५-अ प्रमाणे नुकसानभरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात म्हटले की खर्च वाजवी पण प्रत्यक्ष झालेला असावा, त्यात साक्षीसाठी येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्चही धरावा. तरी साध्या दाव्यात जिंकलेल्याच्या पदरात आजही पूर्ण खर्च क्वचितच पडतो.

व्यापारी दाव्यांत मात्र चित्र बदलले आहे, आणि सुरतेत ते आपल्याला लागू पडते. आपल्यातले कितीतरी जण उधना, लिंबायत, पांडेसरा भागात लूम, जॉबवर्क, भरतकाम, वाहतूक यांचे छोटे धंदे करतात. २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा आधी एक कोटीच्या वरच्या वादांसाठी होता. २०१८ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३ लाखांवर आली. म्हणजे थकलेले एक बिलही त्यात बसू शकते. या दाव्यांत हरणारा खर्च देतो हा सर्वसाधारण नियम आहे. खर्च ठरवताना न्यायालय दोन्ही पक्षांची वागणूक बघते, आणि वाजवी तडजोड समोर आली असता ती विनाकारण नाकारली का, हेही बघते. हट्टाची किंमत आता कायद्याने मोजली जाते.

तारखा आणि मुदती

'तारीख पे तारीख' हे आपण सिनेमातून शिकलो. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावी, एका पक्षाला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, आणि सरतपास प्रतिज्ञापत्रावर घ्यावा असे ठरले. पुढे न्यायालयांनी ९० दिवसांचा नियम लवचिक मानला. व्यापारी दाव्यात मात्र १२० दिवस ही शेवटची रेषा आहे. ती ओलांडली की कैफियत देण्याचा हक्क जातो. तेव्हा समन्स आले की ते देव्हाऱ्यामागे ठेवून देऊ नका.

व्यापारी दाव्याला आणखी एक पायरी आहे. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थीला जावेच लागते. पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी सक्तीची ठरवली. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत जाणारा काळ मुदतीत धरला जात नाही, ही सोयही आहे.

निकाल मिळाला तरी काम संपत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त द्यावी लागते, आणि ती दाव्याहून लांबते असा अनेकांचा अनुभव. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाल्यास कारणे लिहावीत असे सांगितले आहे. आपल्या वकिलांना हे विचारायला संकोच करू नका.

पुरावा : मोबाइलातला आणि ट्रंकेतला

१८७२ चा पुरावा कायदा दीडशे वर्षे चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्या दिवशी जे दावे आधीच चालू होते ते जुन्याच कायद्याने चालतील. बराचसा मजकूर जुनाच आहे. मोठा फरक इलेक्ट्रॉनिक नोंदींचा.

हा फरक समजायला जालन्याचे प्रकरण चांगले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी आक्षेप घेतला की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र हवे होते. ते मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला : नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचे, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर प्रमाणपत्र नको. आणि ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले, त्याला अशक्य गोष्टीची सक्ती नाही. म्हणून गोरंट्यालांचे अर्ज वाया गेले नाहीत आणि खालचा निकाल कायम राहिला. पण तोवर २०१९ ची पुढची निवडणूकही होऊन गेली होती!

नव्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवला की तो आकाराने लहान होतो, म्हणजे ठसा वेगळा झाला. म्हणून मूळ मोबाइल, मूळ मेसेज, मूळ रेकॉर्डिंग सांभाळा. नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यात व्यवहाराचे बोलणे नाही ना, ते बघा.

साक्षीच्या पिंजऱ्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. आमच्याकडे कामाचे माप पुस्तक असते, पानांना क्रमांक असतात. वकील विचारतात, 'ही नोंद जागेवर केली की नंतर ऑफिसात बसून?' साऱ्या उलटतपासाचे सार या प्रश्नात आहे. त्या दिवशी, त्या जागी, वाद नसताना केलेली साधी नोंद ही वाद पेटल्यावर लिहिलेल्या दहा पानांहून वजनदार ठरते. घरालाही हेच लागू आहे.

आपल्या घरातली गोष्ट

आपण सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या आहोत. कोणाचे पूर्वज गायकवाडीत नवसारी प्रांताच्या चाकरीत आले, कोणाचे वडील खानदेशातून गिरणीत. पण गावाकडचा सातबारा सुटलेला नाही. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्याच न्यायालयात चालतो. म्हणजे शेत अमळनेरला असेल तर तारीखही तिकडेच. रजा, तिकीट, वकिलाची फी, आणि परत आल्यावर भावाशी न बोलता काढलेली दिवाळी, हा खर्च कोणत्याच हुकूमनाम्यात लिहिला जात नाही.

आमच्या घरी वडिलांनी आणि काकांनी १९८० च्या दशकात बांधावर उभे राहून वाटणी केली. वरचे शेत काकांचे, खालचे आमचे. कागद नाही. तीस वर्षे कोणी शब्द मोडला नाही. वडील गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी लक्षात आले की ती वाटणी आठवणारे आता एकटे काकाच उरले आहेत. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यातच ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल आमच्यापुढे होता : मुलीला जन्मतःच मुलासारखा वाटा, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. तोंडी वाटणीची सबब न्यायालय सहजी मानत नाही, सरकारी कागदांचा आधार मागते. माझी बहीण नाशिकला असते. तिला आम्ही बोलावले. ती एवढेच म्हणाली, 'दादा, मला शेत नको असेल तर ते मी सांगेन. तुम्ही आधीच ठरवू नका.' तिचे म्हणणे न्याय्य होते. काकांच्या उशाशी बसून सर्वांनी बोलणे केले, वाटणीपत्र लिहिले, रीतसर नोंदवले. बहिणीने विहिरीकडचा तुकडा घेतला. काका त्यानंतर चार महिन्यांनी गेले. ते चार महिने हातचे गेले असते, तर आज आम्ही चुलतभाऊ कोर्टाच्या आवारात दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलेले दिसलो असतो.

म्हणून माझी विनंती थोडक्यात अशी :

१. घरातले मूळ कागद, म्हणजे खरेदीखते, वाटणीपत्रे, फेरफार, कर भरल्याच्या पावत्या, एका जागी ठेवा आणि कुठे आहेत ते दोघांना तरी सांगा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरील सही-शिक्क्याबाबत कायदा अनुकूल गृहीतक धरू शकतो. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. रद्दीत घालू नका.

२. हातउसने दिलेल्या पैशाला साधारणपणे तीन वर्षांची मुदत. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याची लेखी, सहीची कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते. नात्यात पैसे देताना रोख देऊ नका, बँकेतून द्या.

३. दावा चालू असेल तर त्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक जवळ ठेवा. ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते.

४. तडजोडीला कमीपणा मानू नका. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

५. घरातले जे वडीलधारे अजून सांगू शकतात, त्यांच्याजवळ बसा. विचारा. तारीख घालून लिहून घ्या, त्यांची सही घ्या.

या पाचव्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या, दहा दिवसांच्या गणपतीला गावाकडची मंडळी आपल्याकडे येतात, आपण त्यांच्याकडे जातो. आरती झाल्यावर, प्रसाद वाटून झाल्यावर अर्धा तास काढा. बहिणींना त्या बोलण्यात आवर्जून बसवा.

विघ्नहर्ता आपल्या सर्वांच्या घरातली भांडणे घरातच मिटवो.

गणपती बाप्पा मोरया!