न्यूट्रॉनची साक्ष

उरणच्या मोरा बंदरावर उभें राहून उत्तरेकडे पाहिलें असतां समोर घारापुरीचें बेट आणि त्याच्या मागें ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें नांव तुर्भें असेंच आहे. पावसाळ्याच्या आरंभीं त्या डोंगरावर वीज चमकली आणि गडगडाट कानीं येण्यास सुमारें तीस सेकंद लागले, तर ती दहा किलोमीटरांवर चमकली असें समजावें. प्रकाश आधीं, नाद मागाहून. मधल्या अवधींत सारी बातमी असते. सूर्यांत जळणारी आग पृथ्वीवर पेटविल्याचें जो सांगतो, त्याची परीक्षाही कांहींशी अशाच रीतीनें होते.

ही आग म्हणजे हलक्या अणुगर्भांचा संयोग. १९५५ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या अणुशक्तिपरिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. अशी ऊर्जा वीस वर्षांच्या आंत मनुष्याच्या ताब्यांत येईल, असें भाकीत त्यांनीं तेथें केलें. पुढच्याच वर्षीं, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं, ट्रॉम्बेस 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. पण ती जड अणु फोडणारी. संयोगाचीं वीस वर्षें मात्र अशींच निघून गेलीं.

मध्यंतरीं एक फजिती झाली. इंग्लंडांत हारवेल येथें 'झीटा' नांवाच्या यंत्रांतून न्यूट्रॉन निघाले, आणि १९५८ च्या जानेवारींत हा बहुधा संयोगच, असें जगास सांगण्यांत आलें. न्यूट्रॉन खरे होते. परंतु यंत्राच्या एका अंगास येणाऱ्या न्यूट्रॉनांची ऊर्जा दुसऱ्या अंगाहून अधिक भरली. सर्व वायु सारखा तापून ते निघते, तर असा पक्षपात दिसता ना. कांहीं थोडे कण विजेच्या जोरानें एका दिशेस ढकलले जाऊन हे न्यूट्रॉन उत्पन्न झाले होते. मे महिन्यांत तसें कबूलही करण्यांत आलें. दावा करण्यांत घाई झाली खरी, पण तपासाचें काम चोख होतें. तेव्हांपासून न्यूट्रॉन नुसते मोजून भागत नाहीं. तो कोठून, केव्हां व किती वेगानें आला, हें त्यास विचारावें लागतें.

विचारावयाचें कसें? न्यूट्रॉनला विद्युत्भार नाहीं, म्हणून तो उपकरणांतून निमूटपणें निघून जातो. यासाठीं हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिकचा ठोकळा त्याच्या वाटेंत ठेवतात. कॅरमची सोंगटी सोंगटीस लागावी तसा तो एखाद्या प्रोटॉनला धक्का देतो. प्रोटॉन धांवतां धांवतां ठोकळ्यांत सूक्ष्म प्रकाश पाडतो, आणि त्या प्रकाशाची नोंद होते. दुसरी युक्ति तांब्याच्या वा झिर्कोनियमच्या तुकड्याची. न्यूट्रॉन लागून तो धातु किरणोत्सर्गी होतो, आणि मागाहून निवांतपणें तपासतां येतो.

अमेरिकेंत लिव्हरमोर येथें १९२ लेसर-शलाका एका लहानशा पोकळ नळीच्या आंतल्या बाजूंवर पाडतात. तेथें उठणाऱ्या क्ष-किरणांनीं मधली इवलीशी गोळी चिरडली जाते. गोळींत ड्युटेरियम व ट्रिटियम असतात. आग एका अब्जांश सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागापुरती टिकते. वीस मीटरांवर ठेवलेल्या उपकरणाशीं गॅमा किरण सुमारें ६७ अब्जांश सेकंदांत पोंचतात. १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन सुमारें ३९० अब्जांशांत. विजेचा न्याय येथेंही लागू पडतो. न्यूट्रॉन एकदम न येतां थोडे पुढेंमागें येतात, आणि ती पांगापांग मोजून आग किती तापली होती हें काढतां येतें.

गॅमा किरण हजारों संयोगांतून एखाद्यांतच निघतो, पण आग कोणत्या क्षणीं पेटली हें तोच नेमकें सांगतो. तो इलेक्ट्रॉनला उडवितो. वायूंतून प्रकाशाच्या त्या वायूंतील वेगाहूनही अधिक वेगानें जाणारा इलेक्ट्रॉन मंद प्रकाश सोडतो. अप्सरेच्या पाण्यांत जी निळी प्रभा दिसे, तिचें कारण हेंच.

५ डिसेंबर २०२२ रोजीं लिव्हरमोर येथें २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा खर्चून ३.१५ मेगाज्यूल मिळाल्याचें ठरलें, तें अशा मापनांवरून. संयोगांची संख्या एकावर अठरा शून्यें, इतकी भरते. मात्र लेसर चालविण्यास विजेच्या तारांतून सुमारें ३०० मेगाज्यूल घेतले होते, हेंही ध्यानीं असावें.

संयोग घडविणें हेंच कांहीं दुर्मिळ नाहीं. घारापुरीपलीकडे ट्रॉम्बेस, 'पूर्णिमा' प्रयोगशाळेंत, ड्युटेरियमचे कण ट्रिटियमवर आदळून हेच १४ दशलक्षांचे न्यूट्रॉन काढतां येतात. खर्च मात्र मिळकतीहून कितीतरी अधिक. मापकांची परीक्षा घेण्यास असे न्यूट्रॉन उत्तम. प्रत्येकाबरोबर हेलियमचा एक गर्भ उलट दिशेस निघतो. त्यास विद्युत्भार असल्यामुळें तो सहज मोजतां येतो, आणि त्याच्या संख्येवरून अबोल न्यूट्रॉनांची संख्या पडताळून पाहतात.